सडा शिंपडून निवडलेली फरशी

आई गेल्यानंतर बाबांनी फाटकापर्यंत जाणंही सोडलं होतं. अंगणातल्या ओल्या काळ्या मातीत ते एकदा घसरून पडले होते. दारापासून फाटकापर्यंत फरशी घालावी म्हणून मी लोहारा गावातल्या फरशीच्या एका दुकानात गेलो. कापसाला भाव नव्हता, बांधकामं थांबलेली. दुकानात माझ्याशिवाय एकच गिऱ्हाईक होतं, एक वयस्क बाई.

मी एक चकचकीत फरशी जवळजवळ ठरवली होती. बाईंनी मात्र दुकानदाराकडून तांब्याभर पाणी मागितलं. सकाळी दारात सडा घालावा तसं जमिनीवर मांडलेल्या प्रत्येक नमुन्यावर ते शिंपडलं. मग चपला काढून, लुगडं जरा उचलून, पायाची बोटं पसरून त्या एकेका फरशीवर उभ्या राहू लागल्या.

"मावशी, दुकान धुऊन राह्यल्या का?" दुकानदार हसला.

"दारात सडा तं रोजच पडन नं, बापू? या चकचकीतवर मी पडली तं उचलाले तू येशीन का?"

मीही चपला काढल्या. चकचकीत फरशीवर टाच सरकली. मी खरबरीत फरशी घेतली.

फरशी बसल्यानंतर एका सकाळी पाहतो तर बाबा आईचा तांब्या घेऊन सडा शिंपडत फाटकाकडे निघालेले. सावरायला धावलो, पण ओल्या फरशीवर त्यांचे पाय पक्के होते. मी उंबऱ्यातच थांबलो.

आता रोज पहाटे पाण्याचा तो आवाज येतो. नाव न विचारलेल्या त्या बाईंचा शिंपडणारा हात आठवतो, आणि मी निर्धास्त कूस बदलतो.