गोपनीय पाणी

‘गोपनीय’ हा शब्द मला अजूनही सहन होत नाही. एखाद्या लिफाफ्यावर तो लाल शिक्क्यात दिसला की मी तो लिफाफा न उघडताच बाजूला सारते. घरातले म्हणतात, नोकरी सोडून जमाना झाला, आता तरी विसर. मी विसरायला तयार आहे, पण हात लिफाफ्याकडे जात नाही त्याला काय करू?

बीड जिल्ह्यातल्या एका सहकारी साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी केमिस्ट होते. उसाच्या रसातली साखर तपासायची, बॉयलरचं पाणी तपासायचं, हे माझं काम. इंग्रजी बरं लिहिता येत होतं म्हणून सरकारच्या निरीक्षकाकडे जाणारे सुरक्षेचे कागदही माझ्याच गळ्यात पडले होते. कारखान्यात कोणतं रसायन येतं, ते सांडलं तर काय करायचं, माणसाच्या अंगावर पडलं तर काय होतं, हे सगळं दर हंगामाआधी निरीक्षकाला कळवावं लागे.

त्या वर्षी दुष्काळ होता. धरणाच्या तळाला भेगा पडल्या होत्या आणि नदीवरचा पंप नुसताच उभा होता. कारखाना बोअरच्या पाण्यावर आणि टँकरवर चालवायचं ठरलं. बोअरचं पाणी इतकं जड की चहाच्या पातेल्यालाही पांढरा थर धरायचा, तिथं बॉयलरच्या नळ्यांची काय कथा. मग बाहेरची एक कंपनी आली आणि निळ्या पिंपांतून एक रसायन देऊ लागली. पाण्यासारखंच दिसायचं, पण झाकण उघडलं की डोळ्यांतून धारा लागायच्या. ते टाकलं की बॉयलर ठणठणीत राहतो, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं.

कंपनीने सुरक्षेची माहिती दिली ती दोन प्रतींत. एका प्रतीत हातमोजे घाला, डोळ्यांना लागू देऊ नका, कातडीवर पडल्यास भरपूर पाण्याने धुवा, असं सगळं होतं. पिंपात नेमकं काय आहे ती ओळ मात्र काळी केलेली, आणि बाजूला ‘व्यापारी गुपित’. दुसरी प्रत पूर्ण, पण लाखेने बंद केलेल्या लिफाफ्यात. ती फक्त निरीक्षकासाठी. भरपूर पाण्याने धुवा, हे वाचून मला हसूच आलं. त्या साली भरपूर पाणी कोणाकडे होतं?

कंपनीचा माणूस मोठा गोडबोल्या होता. “मॅडम, आमची सगळी मेहनत त्या एका ओळीत आहे,” तो म्हणाला. “उद्या दुसऱ्या कंपनीने उचलली तर आम्ही काय करायचं? कायद्यानेच आम्हाला तेवढी मुभा दिलीय.”

गुपित असूच नये, असं माझं म्हणणं नव्हतं. चौसाळ्याला हायवेवर एक भजीवाला होता. पिठात काय घालतो ते तो सख्ख्या भावालाही सांगत नसे. खुशाल न सांगो. पण त्याची भजी खाऊन एखादा गडाबडा लोळायला लागला, तर डॉक्टरपुढे त्याला तोंड उघडावंच लागेल. मी हे कंपनीच्या माणसाला सांगितलं. तो नुसता हसला आणि माझ्यासमोर पेढ्यांचा बॉक्स ठेवला. मी तो शिपायाला देऊन टाकला.

खरी अडचण नळाची होती. बॉयलरमध्ये साचलेला गाळ काढायला दर पाळीला थोडं उकळतं पाणी बाहेर सोडावं लागतं. पूर्वी ते राखेच्या ढिगामागे खड्ड्यात जायचं. खड्ड्यापलीकडे ऊसतोडीच्या टोळ्यांच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या. आमच्या जिल्ह्याची माणसं ऊस तोडायला पार कोल्हापूर-कर्नाटकापर्यंत जातात, पण काही टोळ्या इथंही उतरत. त्यांच्यातल्या बायका त्या खड्ड्यावर घागरी भरायला यायच्या. सरपण नाही, पाणी नाही, आणि कोपीत बाळंतीण असली की तिला नि बाळाला शेकायला, न्हाऊ घालायला गरम पाणी तर पाहिजेच. कारखान्याचं पाणी निवलं तरी अंगाला सोसेल इतकं ऊन असायचं. बाळंतिणीला पहिलं न्हाण बॉयलरच्या पाण्याचं, असा तिथं रिवाजच पडून गेला होता.

चेअरमनसाहेबांनी त्यातही पुढारपण साधलं. खड्ड्यापर्यंत पाइप नेला, सिमेंटचा कट्टा बांधला, नळ बसवला, वर आपल्या वडलांचं नाव कोरलं आणि नारळ फोडला. प्रत्येक भाषणात तो नळ यायचा. ‘आमच्या मायमाऊल्यांना दुष्काळात गरम पाणी.’ टाळ्या पडायच्या.

पिंपं आली तेव्हा मी चेअरमनकडे गेले आणि सांगितलं, की हा नळ बंद करा.

“आवं म्याडम, एवढुसं औषध आन् एवढं मोठं पानी,” ते म्हणाले. “त्याच्यात काय ऱ्हातंय?”

“काय राहतंय तेच तर कोणी सांगत नाही.”

“मंग कावून घाबरता? वाईट असतं तर सांगितलं असतं की.”

निरीक्षकाकडे जाणाऱ्या कागदात एक प्रश्न होता, हे रसायन कारखान्याबाहेरच्या माणसांच्या संपर्कात येतं का. मी ‘होय’ लिहून नळाची हकिगत जोडली. चेअरमननी तो कागद बदलायला लावला. मी सही करायला नकार दिला, तेव्हा ‘नाही’ लिहून खाली स्वतः सही ठोकली. नळ आपला, कट्टा आपला, मग बाहेरचं कोण, असा त्यांचा हिशेब होता. पांढऱ्याशुभ्र कपड्यांतला माणूस इतक्या सहज खोटं लिहितो, हे मी इतक्या जवळून पहिल्यांदाच पाहिलं.

मग मीच नळावर जाऊन बायकांना सांगू लागले. हे पाणी घेऊ नका, यात काहीतरी वाईट आहे.

“काय हाय?” त्या विचारायच्या.

“माहीत नाही. पण वाईट आहे.”

त्या एकमेकींकडे बघून हसायच्या. एक म्हातारी म्हणाली, “ताई, नाव सांग, मंग सोडू. बिनानावाच्याला किती भ्यायचं? इथं प्यायला तांब्याभर पानी मिळंना.” युरिया म्हटलं असतं, फवारणीचं औषध म्हटलं असतं, तर त्या घागरी तिथंच ओतून पळाल्या असत्या. नाव नसलेल्या विषाला माणूस भीत नाही. कंपनीला ते माहीत असो-नसो, तिचं गुपित सगळ्यात जास्त कामी आलं ते इथं.

संक्रांत उलटली आणि सिरसाळ्याकडची एक तरणी बाई लॅबच्या दाराशी येऊन उभी राहिली. नुकतीच बाळंत झालेली. पदराखाली मुलगी. हाताची सालं निघाली होती. मुलीच्या अंगावर चट्टे उठले होते आणि डोळे हळदीसारखे पिवळे.

“ताई, तुमी नळावर सांगत व्हता ना,” ती म्हणाली. “मी रोज त्याच पान्यानं न्हाऊ घातलं. ही आता दूध पिईना. काय व्हतं त्याच्यात?”

मी तिला कारखान्याच्या जीपमध्ये घालून सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टर तरुण होता, भला होता. त्याने मुलीला तपासलं आणि मला बाहेर बोलावलं. “कावीळ बऱ्याच कारणांनी होते,” तो म्हणाला. “पाण्यात काय होतं ते कळलं तर मी त्या दिशेने उपचार करीन. नाहीतर अंधारात चाचपडणं आहे. लवकर शोधा.”

शोधायचं काय होतं? उत्तर निरीक्षकाच्या कपाटात लाखबंद पडलेलं होतं. मी तिथून थेट बीडला गेले. निरीक्षकसाहेबांनी मला बसवलं, चहा मागवला, सगळं ऐकून घेतलं. मुलीचं ऐकून चुकचुकलेही. मग कपाट उघडून त्यांनी लिफाफा बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. मला वाटलं, फोडतायत. त्यांनी तो उलटून लाख शाबूत आहे ना ते मला दाखवलं.

“बघा, आम्ही किती काटेकोर आहोत,” ते म्हणाले. “कंपनीने विश्वासाने दिलेली माहिती आहे. त्यांच्या संमतीशिवाय मी ती कुणाला दाखवली तर माझ्या नोकरीवर येईल.”

“डॉक्टरला हवीय, साहेब. मुलगी दूध पीत नाहीये.”

“समजतं मला. पण तुमच्याच कारखान्याने लिहून दिलंय, की रसायन बाहेर जात नाही. मग ती मुलगी त्याने आजारी पडलीच कशी?”

मी चहाला हात लावला नाही. तो लिफाफा त्यांनी स्वतःही वाचलेला नव्हता, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं. माणसांच्या जिवाची काळजी घ्यायला बसवलेला माणूस लाखेची काळजी घेत बसला होता. त्या ऑफिसच्या पायऱ्या उतरताना मला खरोखर उलटी झाली. उन्हाने झाली असं कोणी म्हणेल. उन्हाने नव्हती झाली.

मी परत येऊन चेअरमनसमोर उभी राहिले आणि वर्तमानपत्रात जाते म्हणाले. तेव्हा कुठं हालचाल झाली. कंपनीचा तोच गोडबोल्या गाडी घेऊन दवाखान्यात आला. माणुसकीच्या नात्याने आम्ही डॉक्टरांना नाव सांगू, तो म्हणाला. फक्त दोन सह्या लागतील. डॉक्टरने लिहून द्यायचं, की हे नाव उपचाराबाहेर कोणालाही कळवणार नाही. आणि मुलीच्या आईने लिहून द्यायचं, की या पाण्याबद्दल, या रसायनाबद्दल, या आजाराबद्दल ती कुठं काही बोलणार नाही.

“तिला नाव सांगणार आहात का?” मी विचारलं.

“तिला सांगून काय उपयोग, मॅडम?”

“मग जे तिला माहीतच नाही ते न बोलण्याचं लिहून कशाला घेता?”

त्याने खांदे उडवले. वकिलाने मसुदा दिलाय, म्हणाला.

डॉक्टरने दातओठ खात सही केली. मुलगी हातची जात होती, तो दुसरं काय करणार. बाईला वाचता येत नव्हतं. तिने एका हाताने मुलगी धरली आणि साल गेलेला अंगठा शाईत बुडवला. झोंबलं असावं, कारण ती कळवळली. गोडबोल्याने तिला खिशातला रुमाल दिला, आणि नंतर तो परत न घेता तिथंच टाकून दिला. शाईमुळे नव्हे. तिच्या हाताकडे बघून त्याने केलेलं तोंड मला अजून दिसतं.

मुलगी वाचली. डॉक्टरने जिवाचं रान केलं. पण नाव त्याने मलाही सांगितलं नाही. शब्द दिलाय, म्हणाला, मोडला तर पुढच्या वेळी ते कोणालाच सांगणार नाहीत. त्याच्यावर मला रागावता आलं नाही.

नळ मात्र सुरू राहिला. मी बंद करा म्हणून पाठ सोडली नाही, तेव्हा चेअरमन चिडले. “आता बंद केला तर मानसं इचारतील, कावून केला. काय सांगू मी? कंपनीनं बोलू नका म्हनून सांगितलंय.” म्हणजे गुपित राखायचं तर विष वाहतं ठेवायचं. ते हे अगदी शहाण्यासारखं तोंड करून सांगत होते.

दुसऱ्या वर्षीही पाऊस रुसला. ऊस अर्धाही नव्हता, तरी बॉयलर पेटला. निळी पिंपं आली. टोळ्या नव्या होत्या, दिंद्रुडकडच्या, पण त्यांत ती सिरसाळ्याची बाईही होती. मुलगी कडेवर, रांगायच्या वयाची झालेली. मी नळाकडे गेले तेव्हा ती रांगेत नव्हती, जरा लांब उभी होती. नळाखाली एक कोवळी पोर घागर भरत होती, डोक्याला बाळंतिणीचं फडकं बांधलेलं. शेजारी परातीत उघडंनागडं लेकरू.

“हिला सांगितलंस का?” मी त्या बाईला विचारलं.

तिने मान हलवली. “न्हाई ताई.”

“तुझी पोर मरता मरता वाचली. तुला सांगता येत नाही?”

“अंगठा दिलाय ताई,” ती हळूच म्हणाली. “बोलले तर पोरीला परत दवाखान्यात घेनार न्हाईत, असं त्या साहेबानं सांगितलतं. लई भ्या वाटतंय.”

मी पुढे झाले आणि त्या पोरीची घागर लाथेने उलथी केली. मग शेजारची, मग तिच्या मागची. ऊन पाणी तापलेल्या मातीत जिरून गेलं. दुष्काळात पाणी सांडणारी बाई त्यांनी कधी पाहिली नसेल. त्या माझ्या अंगावर धावून आल्या, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला, एकीने माझा पदर ओढला. काय हाय पान्यात, सांग ना, काय हाय, म्हणून त्या ओरडत होत्या. नाव मला माहीत नव्हतं, आणि त्या बाईच्या पोरीचं सांगितलं असतं तर ते तिच्यावरच उलटलं असतं; मी नुसती नको, नको म्हणत होते. ती बाई एका हाताने मुलीला उराशी धरून, दुसऱ्या हाताचा अंगठा मुठीत दाबून तशीच लांब उभी राहिली.