मागच्या सीटवरची स्टेपनी

सकाळी साडेसहाला निघायचं ठरलं होतं. साडेआठ वाजले तरी मी नाशकातल्या एका गॅरेजसमोर उभी होते. खांद्याच्या पिशवीत एक चष्मा होता, आणि समोर माझा धाकटा भाऊ शिरीष त्याच्या जीपच्या मागच्या दाराकडे नव्या सुनेकडे पाहावं तसं पाहत होता.

चष्म्याचं आधी सांगते, कारण सगळा प्रवास त्याच्यासाठी होता. माझं पंचवटीत चष्म्याचं दुकान आहे. महिन्यातून एकदा मी पेठच्या पलीकडच्या एका गावात आठवडे बाजाराला जाते, बाजारकरी बायामाणसांचे डोळे तपासते आणि पुढच्या खेपेला चष्मे नेऊन देते. ही खेप मात्र वेगळी होती, फक्त यमुनाबाईंसाठी. दिवाळी झाली की यमुनाबाई गावच्या टोळीबरोबर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातात. गेल्या वर्षी विरळणी (घडातले दाटीचे मणी कात्रीने काढून टाकणं) करताना त्यांना जवळचं दिसेना, त्यांनी चांगलेच मणी कापले, बागवाला ओरडला. यंदा मुकादमाने टोळीसमोर सांगितलं की डोळ्यावर चष्मा दिसला तरच गाडीत घेईन. गाडी आज बाराला निघणार होती. काच उशिरा आल्यामुळे चष्मा काल संध्याकाळी तयार झाला.

मी नेहमीप्रमाणे पहाटेच्या एसटीने जाणार होते. पण शिरीष म्हणाला, "ताई, जीप असताना बस कशाला? दोन तासांत पोचवतो." मी हो म्हणाले, आणि तिथेच चुकले.

या जीपला त्याने महिन्यापूर्वी कंपनीपेक्षा दोन मापं मोठी टायरं बसवली होती. डोंगरात जायला लागतात म्हणे. तो डोंगरात गेला नव्हता, कॉलेज रोडला गेला होता. चार टायरं बसली, पण पाचवं, म्हणजे स्टेपनी, मागच्या दारावर बसेना. ते खाली बंपरला टेकायचं. म्हणून आज निघता निघता "पाच मिनिटांचं काम" करायला आम्ही गॅरेजला आलो होतो.

गॅरेजवाल्याने दारावरच्या मूळ जागेला एक जाड लोखंडी पट्टी जोडली, म्हणजे टायर वर सरकेल. मग दोन दणकट माणसांनी ते चाक दोन्हीकडून धरून उचललं. पहिल्यांदा भोकं जुळली नाहीत. दुसऱ्यांदा एकाचं बोट सापडलं. तिसऱ्यांदा एकाने गुडघा खाली लावला, दुसऱ्याने छातीने रेटलं, आणि गॅरेजवाल्याने घाईघाईने नट फिरवले. दार उघडं होतं, ते माझ्या डोळ्यांदेखत बोटभर खाली आलं.

"दार खाली आलं," मी म्हणाले.

"ताई, ते बसतं तसं. सेट होईल," गॅरेजवाला म्हणाला.

"आणि वाटेत हे काढावं लागलं तर? तुम्हा दोघांना उचलताना घाम फुटला."

"अहो, एवढं टायर हाय, पंक्चरच नाय होणार. काढायची वेळच नाय येणार."

हे ऐकून शिरीष माझ्याकडे बघून हसला. शेवटी त्या टायरला लिंबू-मिरची बांधली, हार घातला, त्याने फोटो काढले. साडेनऊला आम्ही पेठ रोडला लागलो. बसने गेले असते तर एव्हाना यमुनाबाईंच्या नाकावर चष्मा टेकवून मी बाजारात भजी खात असते.

रस्ता खरं तर सुंदर होता आणि मला तो रागाने पाहावा लागला याचाही राग आहे. रासेगाव सोडलं की शहर मागे राहतं. भात बरंचसं कापून झालं होतं, खाचरांत नुसते खुंट. चढांवर नागली (नाचणी) अजून उभी होती आणि उतारांवर खुरासणी (कारळे) पिवळीधमक फुलली होती. करंजाळीला आम्ही उभ्याउभ्या चहा घेतला. चहावाल्याने जीपला प्रदक्षिणा घातली आणि विचारलं, "एवढं मोठं चाक कशाला वो?" शिरीषने त्याला पाच मिनिटं समजावून सांगितलं. मी घड्याळ पाहिलं, पावणेअकरा झाले होते.

घाट लागला आणि मागून कडकड आवाज यायला लागला. शिरीषने गाण्याचा आवाज वाढवला. मग मागच्या एसटीच्या ड्रायव्हरने सलग हॉर्न वाजवला, ओलांडून जाताना खिडकीतून हात बाहेर काढून मागे बोट दाखवलं. आम्ही उतरून पाहिलं. वरची बिजागरी फाटली होती. दार एका खांद्याने पडलेल्या माणसासारखं लटकत होतं आणि टायर जवळजवळ रस्त्याला लागलं होतं.

शिरीषने पाना घेऊन नट सैल केले. शेवटचा नट निघाला तसं चाक धपकन खाली आलं, त्याचा पाय थोडक्यात वाचला, आणि ते गडगडत बाजूच्या गटारात जाऊन आडवं पडलं. हार तेवढा रस्त्यावर राहिला.

आता दारावर ते बसणं शक्य नव्हतं. मागची सीट दुमडून आत टाकायचं ठरलं. शिरीषने वाकून उचललं, ते वीतभर उठलं आणि परत पडलं. मी पुढे झाले तर म्हणाला, "ताई, तू नको. लागेल." एक मोटरसायकल थांबली, तिच्यावरचे दोघे उतरले. मग दुसरी थांबली. चौघेजण गटाराच्या काठावर उभे राहून सल्ले देऊ लागले. एक म्हणाला जॅक लावा. दुसरा म्हणाला हवा सोडा, हलकं होईल. तिसऱ्याने विचारलं केवढ्याला पडलं. मी बाही वर करून चाकाला हात घातला, तर चौथा अगदी आदराने म्हणाला, "मॅडम, तुम्ही सावलीत बसा. हे बायकांचं काम नाय." साडेअकरा वाजले होते. ज्या बाईसाठी मी निघाले होते ती त्या क्षणी डोंगरापलीकडे रस्त्याकडे डोळे लावून बसली असणार, आणि मला इथे सावली दाखवत होते. मी त्याला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

तेवढ्यात चढावरून एक बाई पेंढ्याचा भारा घेऊन उतरली. साठीच्या पुढची, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. तिने भारा टेकवला आणि थोडा वेळ सगळ्यांची गंमत पाहिली.

"कशाला वढताय?" ती म्हणाली. "मधी भोक हाय ना? दांडा घाला. कावड करा."

तिने भाऱ्यातून बांबूचा दांडा उपसला. चाक आधी गटारातून लोळवत बाहेर काढायला लावलं, उभं केलं, आणि दांडा चाकाच्या मधल्या भोकातून आरपार घातला. एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेऊन ती बसली आणि माझ्याकडे पाहून म्हणाली, "तू घे दुसरं. तुझी-माझी उंची सारखी हाय. या बाप्यांची नाय जुळत."

मी दुसऱ्या टोकाला बसले. "पाठ वाकवू नको. मांड्यांनी ऊठ," ती म्हणाली. आम्ही उठलो, आणि ते चाक आमच्या दोघींच्या मधे घागरीसारखं उठलं. खांद्यात कळ आली हे खरं आहे. जीपच्या मागे एकीने एका बाजूला, दुसरीने दुसऱ्या बाजूला राहून तीन पावलं पुढे टाकली. चाक अलगद आत टेकलं, दांडा काढून घेतला, लोटून दिलं. मोजून दोन मिनिटं लागली असतील. सावली दाखवणारा गृहस्थ मोटरसायकलला किक मारत होता.

तिने लटकणारं दार आपल्या कमरेला गुंडाळलेल्या दोराने जीपला आवळून बांधलं. मी दोराचे पैसे देऊ लागले तर ती रागावली. "दोर येताना दे," म्हणाली, आणि भारा डोक्यावर घेऊन निघून गेली. मला तिचं नाव विचारायचं सुचलं नाही.

पेठच्या पुढे आलो तर समोरून माणसांनी खच्चून भरलेली एक पिकअप गेली. मागे उभ्या बायकांनी हात हलवला, मीही हलवला. मला वाटलं, दुसऱ्या गावची टोळी असेल. सव्वाबारा वाजून गेले होते, तरी वाटलं. माणूस स्वतःची समजूत फार लवकर घालतं.

बाजारात पोचलो तेव्हा पाऊण वाजला होता. उंबराखाली यमुनाबाई गाठोड्यावर बसल्या होत्या. पाण्याची बाटली, भाकरीचं फडकं, सगळं बांधून तयार. मला पाहून उठल्या.

"गाडी गेली, बाई," त्या म्हणाल्या. "मुकादम म्हनला, चष्मा नाय तर तू नाय. पर तुम्ही येते म्हनल्या व्हत्या, म्हनून बसले."

त्या भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी पिशवीतून चष्मा काढून त्यांच्या डोळ्यांवर लावला. त्यांनी आधी स्वतःचा तळहात पाहिला, उलटासुलटा, मग लुगड्याचा काठ जवळ धरून पाहिला. "हे टाके इतके जवळजवळ हायेत व्हय," म्हणाल्या.

शेजारी त्यांची सासू मिरच्यांचे वाटे मांडून बसली होती. ती म्हणाली, "गाडी करंजाळीला थांबती. तिथली मानसं भरायला. तासभर तरी."

"चला," मी म्हणाले. "शिरीष, जीप फिरव."

शिरीष हलला नाही. "ताई, मागे जागा कुठे आहे? टायर आहे."

"मग काढ."

"आणि ठेवू कुठे? नवं आहे ते. तू इथे थांब, मी त्यांना पुढे बसवून सोडून येतो."

यमुनाबाईंनी मान खाली घातली. परक्या माणसाबरोबर एकट्या त्या कशाला जातील? तरी त्याच हळूच म्हणाल्या, "मी बसते टायरावर. लांब नाय."

तेव्हा माझा संताप मस्तकात गेला. मी भर बाजारात, लोक बघत असताना त्याला म्हणाले, "सकाळपासून या टायराला आपण मान दिलाय. हार घातला, फोटो काढला, खांद्यावर वाहिलं, मागची अख्खी सीट दिली. आणि जिच्यासाठी आलो ती वळकटीसारखी टायरावर बसणार? ते उतरव, नाहीतर मी उतरवते. मला आता येतं."

सासूबाई मिरच्या निवडता निवडता म्हणाल्या, "माझ्या अंगनात टाका. रस्त्याला लागूनच घर हाय. काय खानार थोडंच हाय ते."

शिरीषने दोर सोडला आणि एकट्याने ते चाक लोटून खाली पाडलं. खाली पाडायला जोर लागत नाही. अंगणात ते आडवं टाकलं, त्याने त्यावरून एकदा हात फिरवला, मागची सीट उघडली, दार परत दोराने आवळलं आणि गाडीत येऊन बसला. घाटभर यमुनाबाई मागे ऐसपैस बसून खिडकीबाहेर नाही, आपल्या बांगड्यांकडे पाहत होत्या.

करंजाळीला पिकअप उभी होती. सकाळच्याच चहावाल्याकडे मुकादम बशीत चहा ओतून पीत होता. मी त्याला उशिराचं कारण सांगितलं, चूक माझी आहे असंही सांगितलं. तो म्हणाला, "मॅडम, चष्मा काय, कुनी बी घालतं. दिसतं का ते बघायला पायजे ना. बागवाला मला बोलतो."

मी तोंड उघडणार तेवढ्यात यमुनाबाई पुढे झाल्या. त्यांनी गाठोड्यातून विरळणीची बारीक कात्री काढली आणि मुकादमाच्या अगदी समोर उभ्या राहिल्या.

"दादा, हलू नका," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या बटनाचा धागा सुटलाय."

बशी हातात तशीच धरून तो थांबला. त्यांनी दोन बोटांत तो केसाएवढा धागा धरला, बटणाला धक्का न लावता बुंध्याशी कापला आणि त्याच्या बशीशेजारी ठेवला. पिकअपमधल्या बायका हसायला लागल्या. मुकादमाने बटण चाचपून पाहिलं.

"सरका जरा," त्याने बायकांना सांगितलं. "जागा करा हिला."

त्या सरकल्या. एवढ्या भरलेल्या गाडीत जागा झाली.

नाशकात शिरलो तेव्हा ऊन होतं. दार दोराने बांधलेलं, त्यावर चार उघडे बोल्ट. घरी पोचेपर्यंत मी शिरीषवर चिडलेली होते, गॅरेजवाल्यावर होते, सावलीवाल्या गृहस्थावर तर आजही आहे. पण हात-पाय धुऊन बसले आणि हिशेब माझ्यापाशीच येऊन थांबला. पहाटेची एसटी मीच सोडली होती. मला मऊ सीट हवी होती, आणि तिची किंमत उंबराखाली बसून यमुनाबाई मोजत होत्या.

पुढच्या महिन्यात मी एसटीने गेले. घाटातल्या त्या बाईला बसच्या खिडकीतून दोन्ही बाजूंना शोधलं, दिसली नाही. दोर अजून माझ्याकडे आहे. शिरीषने निघताना बजावलं होतं, टायर बघून ये, टेम्पो पाठवतो. अंगणात गेले तर टायर जिथे टाकलं तिथेच होतं. मधल्या खोलगटात पेंढा घातलेला आणि त्यावर एक तांबडी कोंबडी फुगून बसलेली. मी जवळ गेले तशी सासूबाई ओट्यावरून म्हणाल्या, "हात लावू नको, बाई. अंड्यांवर बसवलीय. आता पिल्लं निघंस्तोवर हलवायचं नाय."

शिरीषला मी तसंच सांगितलं. जागा भरली आहे, म्हणाले.