रुपरावकाकांचं हलकं सामान

लकडगंजात आमच्या गल्लीत कोणी सायकलवर गठुडं बांधताना दिसला, की रुपरावकाका डाळीच्या दुकानातून उठून येतात. गठुडं हातात तोलतात, एक डोळा मिटतात आणि नाकातून म्हणतात, "काहून घेऊन राहिला गा इतकं? सायकल हाय, म्हैस नाही." हे वाक्य मी त्यांची नक्कल करत त्यांच्यापेक्षा बरं म्हणतो. काकांनीच तसं कबूल केलंय.

सायकलवर तंबू लादून हिंडायचं वेड या माणसाला तरुणपणापासून. तंबूचे लोखंडी खुंटे ते घरीच ठेवत, "रानात बाभूळ का कमी हाय?" ऋतूही असाच तोलून घ्यायचा. उन्हाळ्यात टाळू तडकते. पावसाळ्यात काळी माती चाकात अशी भरते, की सायकलच डोक्यावर घ्यावी. राहिला हिवाळा, त्यातही मार्गशीर्ष. थंडी बेताची, धान कापून झालेलं, तंबू ठोकायला शेतातल्या बांध्या मोकळ्या.

त्र्याहत्तर साली नवेगावच्या तलावावर जायचं ठरलं, प्रेमिलाकाकूंना घेऊन. गोष्ट माझ्या जन्माआधीची, पण काकूंनी इतक्यांदा सांगितली की दोघांचे आवाज मला पाठ आहेत. काकू त्यासाठी लेडीज सायकल शिकल्या. पातळाला पिना लावून, अख्ख्या गल्लीसमोर पडत. "पडली वं बाई, उचला तिले," असं ओट्याओट्यावरून चालायचं. काकू उठून पुन्हा बसायच्या.

निघायची वेळ आली तेव्हा काकू म्हणाल्या, "अजी, माहे गुरुवार हायेत. घट मांडून बाहेर कशी राहू? पौषात निंघू."

"पौषात चांगल्या कामाले कोणी निंघते का वं?"

"तुमाले कधी पंचांग पाहताना नाही पाहिलं."

"आता पाहून राहिलो." मग काका हळूच म्हणाले, "अन् दोघं म्हटलं की दुसरी चादर, दुसरं अंथरूण. ओझं होते."

"मंग मीच ओझं हाव म्हणा ना."

काका हसले आणि एकटेच गेले.

नवेगावला पहाटे तंबूतून बाहेर आले, तर तलाव पाखरांनी भरलेला. कुठून कुठून आलेली, पाण्यावर दाटीनं बसलेली. काका वळून मोठ्यानं म्हणाले, "पाह्य वं." काठावर जाळं सोडवणारा ढीवर बिचारा दचकला. "काय जी?"

"काही नाही गा."

तंबू गुंडाळून त्याच दिवशी ते परत निघाले.

पुढच्या वर्षी पौष काकांनीच सुचवला. तोवर काकूंचे गुडघे संधिवातानं धरले होते. पायडल पूर्ण फिरवता येईना. पुढच्या पौषापर्यंत उतरेल, काका म्हणाले. उतरलं नाही. लेडीज सायकल दुकानात आढ्याला टांगलेली आहे. हिवाळा आला की काका ती खाली काढतात, चेनला तेल देतात, पुन्हा टांगतात.

गेल्या मार्गशीर्षात शेजारचा गोविंदा नवीच सायकल घेऊन हिंडायला निघाला. नुकतंच लग्न झालेलं. काका आले, गठुडं उचललं. आम्ही म्हैस ऐकायला तयार.

"घरवाली?"

"तिचे गुरुवार हायेत, काका."

"मंग थांब ना गा. पौषात जा. पौष काही वाईट नसते."

आतून, डाळ निवडता निवडता, काकूंचा आवाज आला, "आता सांगून राहिले."

काकांनी गठुडं खाली ठेवलं. गोविंदा वाट पाहत उभा होता. काका गठुड्याची दोरी सोडायला बसले.