खंडेनवमीचे बूट

देवावर माझा विश्वास नव्हता. खरं सांगायचं तर रागच होता. भिलाईत भट्ट्या उभ्या राहत होत्या, मुहूर्तांचे नारळ फुटत होते, आणि मजूर बाया, ज्यांना इथे रेजा म्हणतात, त्या भर उन्हात अनवाणी घमेली वाहत होत्या. त्यांच्या पायांविषयी मी एक जळजळीत पत्रक लिहून पावर हाउस वस्तीच्या बाजारात वाटलं होतं. दुर्गच्या कॉलेजात नाव घातलेलं होतं, पण जीव फुटबॉलमध्ये. मी हाफ खेळायचो. मैदानाच्या मधोमध राहून मागून चेंडू घ्यायचा आणि पुढच्यांना द्यायचा. घ्यायचं काम मला जमायचं. दिल्यावर तो वाया जाईल, ही धास्ती मात्र सुटत नव्हती.

त्या वर्षी खंडेनवमीला कलकत्त्याच्या एका क्लबाचे गृहस्थ आमचा सामना बघायला येणार होते. त्यांच्या पसंतीस उतरलो तर खेळावर पोट भरणार होतं, नाहीतर कॉलेजाबरोबर खेळही संपणार होता. आठवडाभर मला धड झोप नव्हती.

आमचं घर मूळचं भंडाऱ्याकडचं, शेतीवालं. तिकडे नवमीला विळा आणि वखराची पास पूजेत मांडायचे, इथे वडिलांचा पाना आणि हातोडा. मांडलेलं हत्यार दशमीशिवाय उचलायचं नाही. आदल्या दिवशी आईने विचारलं होतं, "तुहं हत्यार कोणतं रे?" मी तोऱ्यात म्हणालो, "माझे बूट."

नवमीला दुपारी सामन्याला निघताना पाहतो तर बूट खरंच पूजेच्या पाटावर. धुतलेले, हळदकुंकू लावलेले.

"चामडं ठेवलं म्हनून मी बोललो तिले," वडील हसत म्हणाले. "तर म्हनते, तबला कायचा असते? आता लिव एक पत्रक."

"आई, मला आत्ता हवेत ते."

"कावून? तूच त सांगतलं." मग ती बाजूला सरली. "घे मग. मी कोठी अडवून राहिली?"

मी हात पुढे केला. हात पोचला नाही. पत्रकात मी याला भित्रेपणा म्हटलं असतं. अजूनही दुसरा शब्द सापडलेला नाही. देवाला, आईला आणि स्वतःला शिव्या घालत मी अनवाणीच निघालो.

रुआबांध्याकडचं मैदान नुसत्या मुरमाचं. "नेताजी, भाषण में जूते भी बाँट दिए क्या?" आमचा गोलकीपर ओरडला. मध्यंतरापर्यंत तळवे सोलले होते. काठावर बसलो. कामावरून परतणाऱ्या रेजा तिथून चालल्या होत्या. त्यांतली एक थांबली. डोक्यावरच्या घमेल्याखाली असते ती कापडाची चुंबळ तिने उलगडली, उभी फाडली आणि माझ्यापुढे धरली. "ले बाबू, गोड़ म बाँध ले. मोर बोझा तो उतर गे हे." पायाला बांध, माझं ओझं तर उतरलंय, असं ती म्हणत होती. मी पायांना चिंध्या बांधेस्तोवर ती पुढे गेली होती. तिचे पाय अनवाणीच होते.

उत्तरार्धात चेंडू पायात ठेवणं शक्यच नव्हतं, इतकी आग होत होती. आला की देऊन टाकायचा. कुणाला, पुढे काय, याचा विचार सुचत नव्हता. आम्ही दोन गोल केले. दोन्ही माझे नव्हते.

कलकत्त्याचे गृहस्थ माझ्याजवळ आले. "पिछले साल भी तुमको देखा था. बॉल तुम्हारे पास जाता था, वापस नहीं आता था. आज आया." त्यांनी मला कलकत्त्याला बोलावलं.

दशमीला आईने बुटांत आपट्याचं पान ठेवून ते माझ्या हाती दिले. रेजाला शोधायला गेलो, तर तिची टोळी दुसऱ्या कामावर हलली होती. ती देवी होती असं मी म्हणणार नाही. तसं म्हटलं की तिच्या पायांना चपला कुणी द्यायच्या हा सवाल बुडतो, आणि तो मी बुडू देणार नाही. पण त्या दिवशी मला जे मिळालं ते मी मागितलेलं नव्हतं, कमावलेलंही नव्हतं.

आता मी क्लबाकडून खेळतो. मन अजून सैरभैर असतं. मोज्याखाली ती चिंधी बांधतो. चेंडू येतो, ठेवावासा वाटतो. मग तळवे आठवतात, आणि मी तो देऊन टाकतो.