आप्पांनी मोजलेली डोकी

काशिनाथआप्पांनी काचेचा लॅक्टोमीटर हातात घेतला की रांगेतली माणसं देवाचं नाव घ्यायची. पाटोद्याजवळच्या आमच्या गावातल्या सोसायटीत दूध तपासायचं काम त्यांच्याकडे होतं. एकदा चेअरमनच्या सख्ख्या मेव्हण्याचं दूध त्यांनी पाणी घातलं म्हणून भर रांगेत परत पाठवलं. मेव्हणा शिव्या देऊ लागला, तेव्हा आप्पा एवढंच म्हणाले, "मला कशापायी बोलतो रं? काचेला बोल."

मग सलग दुसऱ्या वर्षी पाऊस पडला नाही. गुरं छावणीत गेली, दूध आटलं आणि आप्पांना तपासायला काही उरलं नाही. आमचं मात्र फावलं. तलाव कोरडा पडल्यामुळे तालुक्यातलं सर्वांत सपाट फुटबॉलचं मैदान आम्हाला आयतं मिळालं. मी गॅरेजात पंक्चर काढायचो आणि सोसायटीच्या संघात बचावाला खेळायचो. उंच आलेला चेंडू डोक्यानं परतवणं हे माझं काम, आणि त्याचा मला तोराही भारी होता.

त्याच उन्हाळ्यात पुण्याहून एक डॉक्टरीणबाई आल्या. चेंडू डोक्यानं मारून मेंदूला काय होतं, याचा त्या अभ्यास करत होत्या. एका सामन्यात तू किती वेळा मारतोस, असं त्यांनी विचारलं. मी छाती फुगवून चाळीस सांगितलं. बाईंनी ते निमूट लिहून घेतलं आणि सामना बघून मोजणारा एक माणूस मागितला. रिकामा आणि भरवशाचा असा गावात एकच होता.

आप्पांना फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना भंडावलं. "बाई, यानं बॉलाला डोकं मारलं, का बॉलानं याला मारलं? ह्ये रकाने येगळे पायजेत." बाईंनी रकाने वेगळे केले. डोक्यावर डोकं आपटलं तर त्याचा तिसरा. आप्पा तलावाच्या बांधावर छत्री उघडून बसले. माझे चाळीस भरले नऊ, आणि त्यातले तीन नाकावर. आठवडाभर गाव माझ्या नाकाकडे बघून हसत होतं.

तालुका स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात उमापूरच्या एका धिप्पाड गड्याचं डोकं माझ्या डोक्यावर आदळलं. मी लगेच उठलो, शेवटपर्यंत खेळलोही. सामना संपल्यावर आप्पांनी जवळ येऊन, बाईंनी शिकवलं होतं तसं, वार कोणता ते विचारलं. मी जुम्मा म्हणालो. होता रविवार. आप्पांनी तेही वहीत लिहिलं.

दुसऱ्या दिवशी चेअरमन त्यांच्या घरी गेले. अंतिम सामना तोंडावर आला होता. तेवढी ओळ खोडा, नाहीतर सोसायटी सुरू झाल्यावर दुसरा माणूस बघावा लागेल, असं ते म्हणाले. आप्पांनी त्यांना चहा पाजला, वही दिली नाही. बाईंनी ती ओळ वाचून मला बाहेर बसवलं. आमचा संघ हरला, आणि मी आप्पांशी बोलणं टाकलं.

पण डोकं तीन आठवडे ठणकत राहिलं. एका गिऱ्हाइकाच्या मोटरसायकलचं एकच चाक मी दोनदा खोललं, तेव्हा माझी मलाच भीती वाटली. अंतिम सामन्यात पुन्हा डोकं आदळलं असतं तर काय झालं असतं, हे कळायला मला ते चाक लागलं.

पाऊस आला, सोसायटी उघडली. लॅक्टोमीटर दुसऱ्याच्या हातात होता. मी आप्पांच्या घरी गेलो. ते ओसरीत शेंगा फोडत बसले होते. माझ्यापायी तुमचं काम गेलं, वर आपण हरलोही, असं मी खाली मान घालून म्हणालो.

त्यांनी मूठभर शेंगा माझ्यापुढे सरकवल्या. "काम गेलं ह्ये खरं हाय, इस्माईल. पर हरलो कवा? गोल मोजायला मला कुणी सांगितलंच न्हवतं."