सायकलच्या हँडलवरचा सर्वज्ञ

मंडळी, एक गंभीर तक्रार. बाजारात अल्पज्ञ यंत्रं मिळेनाशी झाली आहेत.

आज सदाशिव पेठेतल्या दुकानात साधा सायकल कॉम्प्युटर मागितला, चाकाचे फेरे मोजून फक्त किलोमीटर सांगणारा. दुकानदार म्हणाले, “काका, जीपीएस घ्या. कुठे थांबलात, तेही घरी दिसेल.”

“अहो, मी सायकलवर असतो, पॅरोलवर नव्हे.”

सोबत आलेली लेक हसली नाही. “बाबा, जीपीएसच घेऊ. तुम्हाला का नको?”

हिला एकाएकी एवढी काळजी का? काही कळलंय की काय?

हट्टाने साधाच घेतला. खरं सांगतो, महिनाभर कात्रजच्या चढावर छाती दाटते. अर्ध्यातून परततो आणि उरलेले किलोमीटर सपाटीवर भरून काढतो. घरी बोललेलो नाही. डॉक्टर काय सांगतील, याची भीती वाटते.