माह्या नावावर लिवा

ऐंशीच्या आसपास वर्ध्यात मुलींच्या सॉफ्टबॉल सामन्यांचा स्कोअर मी लिहीत असे. सिंदीच्या संघाची कॅचर, म्हणजे बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी मुलगी, फारशी बोलत नसे. चेंडूचा मार खाऊन तिची बोटं वाकडी झाली होती. तीन वर्षांत तिच्या नावावर एकही चूक नव्हती.

राज्याच्या संघाची निवड होती त्या दिवशी एक चेंडू तिच्या मागे गेला, त्यावर धाव निघाली आणि सिंदी हरली. ती चूक मी सिंदीच्याच चेंडू टाकणाऱ्या नव्या मुलीच्या नावावर लिहिली.

सामना संपताच कॅचर माझ्या टेबलाशी आली आणि वहीत डोकावली.

"भाऊ, बॉल बराबर आलता. माह्या हातून सुटला. माह्या नावावर लिवा."

"अगं, निवडणारे हीच वही पाहणार आहेत."

"म्हणून तं सांगून राह्यली. तिले काऊन बट्टा लावता?"

मी खोडून दुरुस्त केलं. ते वाचल्यावरच ती तिथून हलली.

निवड दुसऱ्या संघाच्या कॅचरची झाली. आपली चूक अशी मागून घेणारं मला पुन्हा कुणी भेटलं नाही. यादी वाचली जात होती तेव्हा ती चेंडू टाकणाऱ्या त्या रडवेल्या मुलीला घेऊन मैदानात उतरली होती.

"तसाच टाक," ती म्हणाली. "आता सुटत नाई."